कमी वजनाचा सूर्य घेऊन रावेरहून धुळ्याला

धुळ्याला जायचं माझ्या मनात नव्हतं. माझ्या पोरीच्या, नंदाच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई तापाने पडल्या आणि हेडमास्तर म्हणाले, "आता तुम्हीच न्या पोरीला." मी चौथी शिकलेली. विज्ञानाचं प्रदर्शन म्हणजे जत्रा असते की परीक्षा, तेही मला ठाऊक नव्हतं. पण ज्या पोरींचे प्रयोग निवडले जातील त्यांना दहावीनंतर धुळ्याच्या वसतिगृहात फुकट जागा मिळणार होती. आमच्याकडून दुसरी सोय होण्यासारखी नव्हती. जागा नाही मिळाली तर नंदा माझ्यासोबत केळी तोलायच्या काट्यावर. एवढं मला बरोबर कळत होतं.

ज्यांना जायचं असेल त्यांनी रावेरहून पहाटेची गाडी धरावी. नंतरच्या गाडीत भुसावळपर्यंत उभं राहावं लागतं. आम्हाला नंतरचीच मिळाली. नंदाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरला होता. त्यात हळदीने रंगवलेले मातीचे चार छोटे गोळे, एक मोठा गोळा आणि झाकणांना दोरा बांधून केलेला तराजू. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर प्रदर्शन कोण करणार?

जळगावला मेहरूणमध्ये माझ्या भावाकडे मुक्काम केला. भावजयीने भरीत केलं होतं. थंडीत जळगावला जाऊन भरीत न खाता परतणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. पण त्या दिवशी माझं लक्ष डब्याकडेच होतं. सगळं नीट आलंय ना, मोडलं नाही ना, हेच डोक्यात.

सकाळी नंदा आंघोळीला गेली तेव्हा मी डबा उघडला. तराजू हातात धरला, एका झाकणात चार गोळे, दुसऱ्यात मोठा. चार गोळ्यांची बाजू खाली गेली. पुन्हा धरला, पुन्हा तेच. पोरीने रात्र रात्र बसून केलं आणि वजनच जुळत नाही! गाडीच्या धक्क्याने मोठ्या गोळ्याचा टवका उडाला असणार.

मी बारा वर्षं केळीचे घड काट्यावर चढवते. काटा सरळ नसेल तर शेतकरी भांडतो, व्यापारी भांडतो आणि दोघं मिळून माझ्यावर ओरडतात. वाकडा काटा मला बघवत नाही. पिशवीतून कुंकवाची डबी काढली, त्यातलं मेण घेतलं आणि मोठ्या गोळ्याच्या बुडाला चिकटवत गेले. काटा सरळ झाला तेव्हा कुठे थांबले. नंदाला काही बोलले नाही. उगाच घाबरली असती.

जळगाव ते धुळे रस्ता बरा आहे, फक्त एरंडोलच्या पुढे ट्रकांच्या मागे गाडी रखडते. खिडकीशी धुळ्याकडचे एक म्हातारे आबा होते.

"काय शे माय त्या डबामा? लाडू का?"

"लाडू नाही आबा, सूर्य आहे," नंदा म्हणाली.

"मंग नीट धर. सांडना ते अख्खी गाडी जळी जाई."

सगळे हसले. मी विचारलं, "एवढा मोठा सूर्य जळतो, तर त्यात लाकडं कोण घालतं?"

"तो जळतच नाही आई. त्याच्या पोटात हायड्रोजनचे बारीक कण असतात. ते एकमेकांना ढकलतात, जवळ येऊ देत नाहीत. पण वरून सूर्याचंच सगळं वजन दाबतं, आणि आत दीड कोटी डिग्री उष्णता. मग ते इतक्या जोरात आपटतात की चिकटतात. चारांचा मिळून एक होतो, हेलियम."

"झालं? एवढंच?"

"खरी गंमत पुढेच आहे. चारांचं वजन आणि त्या एकाचं वजन सारखं भरत नाही. हजार भाग आत गेले तर नऊशे त्र्याण्णव उरतात. राहिलेल्या सातांची ऊर्जा होते. तेच ऊन. माझा काटा वाकडा होतो ना, तेच दाखवायचंय."

पारोळा आलं होतं. ड्रायव्हर चहाला उतरला. शेवभाजीचा वास येत होता, लोक ढाब्याकडे पळाले. मी जागची हलले नाही. सकाळी लावलेलं मेण आठवत होतं.

"दे तो डबा, मी धरते," म्हटलं.

"नको. तू झोपशील आणि पाडशील."

सांगावं का? सांगितलं तर रडेल, पाठ केलेलं विसरेल. पोहोचल्यावर मेण हळूच काढू, असं ठरवलं. धुळ्याला स्टँडवरून रिक्षा केली, रिक्षावाला गल्लीबोळांतून फिरवत राहिला. मी त्याच्यावर ओरडले, खरं तर मला माझ्यावर ओरडायचं होतं. प्रदर्शन होतं त्या शाळेत पाय ठेवला आणि नंदाचा नंबर पुकारलाच.

दोन परीक्षक होते, एक सर आणि एक चष्मेवाल्या बाई. नंदा धडाधड बोलली. मग तराजू उचलला. काटा सरळ.

तिने खाली ठेवून पुन्हा उचलला. सरळच.

"म्हणजे वजन सारखंच राहतं?" सर म्हणाले. "मग ऊर्जा आली कुठून?"

नंदा तराजूचे दोरे चाचपायला लागली. मी पोरांना बाजूला सारत पुढे गेले.

"साहेब, ते माझं काम आहे. मला वाटलं वजन चुकलं, म्हणून मी मेण लावलं. तिला माहीत नाही. तिला नापास करू नका, मला काय ते बोला."

मागे कुणीतरी हसलं. सरांनी कागदाकडे बघितलं. चष्मेवाल्या बाई मात्र नंदाकडेच बघत राहिल्या.

नंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. मग तिने मोठा गोळा उलटा केला आणि नखाने मेण खरवडलं. तळहातावर तांबूस गोळी घेऊन दोघांसमोर धरली.

"सर, काटा सरळ करायला आईला एवढं घालावं लागलं. म्हणजे एवढंच कमी पडत होतं. खरं तर याहून पुष्कळ कमी असतं, दिसावं म्हणून मी जास्त ठेवलं. हे जे कमी पडतं, तोच सूर्याचा उजेड."

तराजू उचलला. चार गोळे खाली गेले.

बाईंनी विचारलं, "मग सूर्यातलं हे सगळं संपणार कधी?"

"पाचशे कोटी वर्षं तरी पुरेल, बाई."

संध्याकाळी नावं वाचली. पहिलं नाही, दुसरं नाही, माझे कान बंद व्हायला लागले. पाचवं नंदाचं. जागा मिळाली. पोरगी नाचत होती, मी पायरीवर बसून चपलेचा अंगठा धरून होते.

परतताना पारोळ्याला उतरून शेवभाजी खाल्ली. तिखट आहे, सांभाळून.

घरी आलो. सकाळी आरशासमोर बसले तर डबीत मेणच नाही. नंदाने कागदाची पुडी पुढे केली.

"हे घे तुझं."

"अजून बोलणार आहेस का मला?"

"जूनपर्यंत रोज," ती म्हणाली.

जूनमध्ये ती धुळ्याला जाणार. मी बोटाने मेण घेतलं, कपाळाला लावलं, त्यावर कुंकू टेकवलं आणि काट्यावर गेले. पहिलाच घड थोडा कमी भरला. शेतकरी भांडायला उठला. मी म्हटलं, "भाऊ, कमी आहे ते कमीच लिहीन."