एका बघ्याने सांगितले

श्रीहरी फणसे इंदूरच्या तुकोगंजातल्या एका इंग्रजी पेपरात एकतीस वर्षं बातमीदार होते आणि एकतीस वर्षांत त्यांनी बातमीत 'मी' एकदाही लिहिलं नाही. मी शोभना, डेस्कवर बसून त्यांच्या बातम्या तपासायचे, म्हणून मला ठाऊक. आमच्याकडची रीतच तशी. स्वतः पाहिलेलं असलं तरी 'प्रस्तुत वार्ताहराने पाहिले' असं लिहायचं. फणसेजींना तेवढंही जड जायचं. ते आपले लिहायचे, 'एका बघ्याने सांगितले.'

मी इंदुरी थाटात चिडवायचे, भिया, हा तुमचा बघ्या अख्ख्या इंदूरभर फिरतो, पोहे-जिलबी तरी खातो की नाही? ते म्हणायचे, बातमी लोकांची, आपलं तोंड कशाला मध्ये. बघ्या कोण ते मला कळत होतं, तरी मी बातमी पुढे ढकलायचे. चूक माझीही होतीच की.

मग मल्हारगंजातल्या एका गोदामाला आग लागली. फणसेजी तिथूनच चालले होते. दाराला बाहेरून कुलूप, चावी मालकाकडे. चौकीदार उदयसिंहनं दगडानं कुलूप फोडलं आणि दोन बेशुद्ध मजुरांना ओढून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी हे सगळं छापून आलं, अर्थात एका बघ्याच्या हवाल्यानं. त्याच सकाळी फणसेजी आठवडाभरासाठी दुसऱ्या कामावर उज्जैनला गेले. इकडे मालकानं पोलिसांना सांगितलं की कुलूप चौकीदारानंच लावलं आणि तो पळाला. उदयसिंह आत गेला.

फणसेजी परतले त्या दिवशी उदयसिंहची बायको लक्ष्मी ऑफिसात आली. प्लास्टिकच्या पिशवीत आमच्या बातमीचं कात्रण होतं. वकील म्हणाला होता, हा बघ्या शोधून आणा, नवरा सुटेल. तीन दिवस ती मल्हारगंजात दुकानोदुकानी विचारत फिरली होती. मला तर फणसेजींकडे बघवेना.

त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हिंदीतच सांगितलं की तो माणूस मीच.

लक्ष्मीनं कात्रण त्यांच्यापुढे धरलं. मग म्हणाली, "तो लिखा क्यों नहीं, साहब?"

फणसेजींनी कात्रण हातात घेतलं आणि तिच्या वकिलाचं नाव विचारून लिहून घेतलं.

संपादक विक्रमजींनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. कोर्टात हे बोललात तर तुमच्या सगळ्या जुन्या बातम्यांवर लोक बोट ठेवतील, रिटायर व्हायला दोन महिने उरलेत, जरा विचार करा, असं बरंच समजावलं. फणसेजी ऐकून घेऊन कोर्टात गेले. मालकाच्या वकिलानं खोचकपणे विचारलं, असे बघे आणखी किती? ते म्हणाले, "मोजले नाहीत, पण होते."

उदयसिंह सुटला. फणसेजींना दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. ना हार, ना फोटो, ना चहा. मला फार राग आला, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच होता.

जाताना त्यांनी माझ्या टेबलावर खुलाशाचा कागद ठेवला. इंग्रजीत एकच ओळ होती. मल्हारगंजच्या आगीच्या बातमीतला बघ्या मी होतो, आणि खाली नाव.

इतक्या वर्षांच्या सवयीनं माझं पेन त्या 'मी'वर गेलं. तिथंच थांबलं. कागद जसा होता तसा मी छापायला पाठवला.