गोड्या पाण्यातली चाचणी

पलूसच्या बाजारपेठेत दस्तगीरभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान अजून तग धरून आहे. हाताला यश भारी, पण 'माझं चुकलं' हे शब्द त्या तोंडातून कुणी ऐकलेले नाहीत.

लेक मिस्बाह रत्नागिरीला दिलेली. जावई झिशान मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. मागच्या महिन्यात तो बिघडलेली दोन यंत्रं ठेवून गेला. समुद्रात सोडलेलं जाळं मैलोगणती वाहत जातं. त्याच्या टोकाला तरंगणाऱ्या बोयावर हे यंत्र रेडिओतून टूं-टूं करत राहतं, आणि त्या आवाजाच्या मागावर बोट जाळ्यापाशी पोचते. नळीत बॅटऱ्या, बुडाला दोन स्क्रू. स्क्रू पाण्यात बुडाले की यंत्र चालू, बाहेर काढले की बंद, म्हणजे बॅटरी फुकट जळत नाही.

भाईंनी पहिल्या यंत्रात नव्या बॅटऱ्या घातल्या आणि ते विहिरीच्या पाण्यात बुडवलं. टेबलावरच्या रेडिओत आवाज नाही. "स्विचच मेलाय," म्हणत त्यांनी आतून वायर जोडून टाकली. लगेच टूं-टूं सुरू! झाकण पक्कं बसवून यंत्र खोक्यात घातलं आणि एसटीनं पाठवलं. जावयाला विचारायचं सुचलंच नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

आज, ते पाठवल्याच्या आठव्या दिवशी, त्यांनी दुसऱ्या यंत्रात बॅटऱ्या भरल्या. वायर जोडायच्या आधी ते सहज दुकानामागच्या अंगणातल्या बादलीत बुडवलं. टेबलावरचा रेडिओ वाजू लागला. भाई चक्रावले.

बायको मेहरुनबी आतून ओरडली, "आवं, त्या बादलीत हात घालू नगा! कैऱ्यांसाठी मीठ कालवलंय."

भाईंनी बोट बुडवून चाटलं. खारट. स्विच कधी मेलाच नव्हता. त्याला खारं पाणी हवं होतं. आणि पाठवलेलं यंत्र खोक्यात भरल्यापासून अखंड वाजत होतं. बॅटऱ्या सहाच दिवस पुरणाऱ्या. आज आठवा.

झिशानचा फोन लागेना. पश्चिमेकडं आभाळ काळंठिक्कर झालेलं. तिसऱ्यांदा लावणार, तोच मिस्बाहचा आला.

"अब्बा, वारं लय सुटलंय. बाकीच्या बोटी बंदरात आल्या. ह्यांची तेवढी न्हाई. वायरलेसवर सगळ्यांनी सांगितलं, जाळं सोडा, माघारी फिरा. हे ऐकनात."

"का गं?" भाईंनी विचारलं.

"म्हणले, आवाज आला न्हाई तरी अजून जरा पुढं जातो. अब्बांनी दुरुस्त केलंय, वाजल्याबिगर राहणार न्हाई."