हिरोचा दोस्त

शारजातल्या रोल्ला बाजारातले दुकानदार त्याला ‘हिरो’ म्हणून हाक मारायचे आणि तो दर वेळी हात हलवून सांगायचा, "हिरो नहीं. हिरो का दोस्त." रशियातला सिनेमानट होता तो, जुन्या सोव्हिएत राज्यातला. मी कार्गोच्या दुकानात खोकी बांधणारा. आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे शारजाच्या मासळी बाजारातून बांगडे आणले. त्याला ते मिठात मुरवून कच्चेच खायचे होते, मला तळून. त्यावरून वाटभर भांडलो.

आमच्या शेजारी त्याच्या मुलीचं फरच्या कोटांचं दुकान होतं. जिथं सावलीत उभं राहिलं तरी घाम फुटतो, तिथं फरचे कोट! पण तेव्हा रशियातल्या बायका विमानं भरभरून यायच्या आणि गठ्ठे बांधून न्यायच्या. त्यांचा देश मोडला, स्टुडिओला कुलूप लागलं, तेव्हा मुलीनं म्हाताऱ्याला इथं आणलं. हिंदी तो दुकानात बसून शिकला. माझंही हिंदी तसलंच, म्हणून आमचं जमलं.

मी चार बुकं शिकलेला माणूस, पण पिक्चरचं वेड मोठं. एकदा विचारलं, "पिक्चरमध्ये तू मरतोस का जगतोस?"

"लढाईच्या पिक्चरमध्ये लवकर मरतो. कारखान्याच्या पिक्चरमध्ये जगतो, पण पोरगी हिरोला मिळते."

"मग तू काय करतोस?"

"लग्नात टाळ्या वाजवतो."

"जन्मभर हेच?"

"अरे गनपत, टाळ्या वाजवायला कोणी नसेल तर ते लग्न कसलं?"

त्याचं नाव कुणालाच आठवायचं नाही, तोंड मात्र सगळ्यांच्या ओळखीचं. रशियन बायका पिशव्या खाली टाकून त्याच्याकडे बघत राहायच्या. एक धिप्पाड बाई तर त्याच्या गळ्यात पडून रडली. तिला वाटलं, हा तिच्या बापाबरोबर कारखान्यात होता. यानं तिची पाठ थोपटली, घरच्यांची चौकशी केली, बापाच्या आठवणीनं डोळेही पुसले. ती गेल्यावर मी विचारलं, "ओळखतोस?"

"नहीं."

"मग खोटं कशाला बोललास?"

"मी पिक्चरमधला आहे म्हणालो असतो तर बिचारीचा एक माणूस कमी झाला असता. माझं काय गेलं?"

माणसं बघत बसायची त्याला सवय. मी दातात सुतळी धरून गाठ कशी मारतो, ते त्यानं एकदा करून दाखवलं. इतकं हुबेहूब की मला रागच आला.

तर बांगडे घेऊन आम्ही माझ्या खोलीवर आलो. माझी बायको सुशीला तेव्हा अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलेलं. साखरेनं डोळे गेल्यातच जमा होते, अंगात ताप. यानं तोवर तिला कधी पाहिलेलं नव्हतं. हा दारात उभा, गोरापान, घारे डोळे, हातात पिशवी. ती एकदम म्हणाली, "दादा, आलास? आणि हातात मासळी रे?"

सुशीलाचा भाऊ तसाच, गोरा नि घारा, कोकणातला. ती त्यांच्या जातीबाहेर माझ्याशी लग्न करून आली, तेव्हा तो म्हणाला होता, "तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही." प्याला नाहीच. तिच्या दुखण्यात मी फोन केला, तर माझा आवाज ऐकून त्यानं ठेवून दिला. ती मात्र त्याचीच वाट बघत होती.

ती कोपरावर उठू लागली. "दादा, पाणी पितोस?"

यानं सभ्य माणसासारखी मान हलवली. "नहीं, नहीं."

सुशीलानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी हाक मारली, तरी वळली नाही.

जिन्यात त्यानं माझा दंड धरला. "क्या हुआ?" मी सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "वो पानी कैसे पीता है?" मी रिकामी मूठ वर धरून दाखवली, भांड्याला ओठ न लावता, वरून धार. त्यानं आपले बांगडे माझ्या पिशवीत टाकले आणि गेला. येतो म्हणाला नाही, मीही ये म्हणालो नाही.

सुशीला त्याच आठवड्यात गेली. पुढं मुलीचं दुकान बसलं, तोही आपल्या देशात परतला आणि तिकडंच वारला म्हणे. त्याचा एकही पिक्चर मी पाहिला नाही. त्याचं काम पाहिलं ते एवढंच.

बांगडे आणले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं, बघतो तर तो. केस तेल लावून चापून बसवलेले, दाढी गुळगुळीत, अंगात पांढरा सदरा. बूट त्यानं बाहेर काढले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आत जाऊन तिच्या उशाशी मांडी घालून बसला. रशियन माणूस, गुडघे कसे वाकवले त्यालाच ठाऊक.

"पाणी," तो म्हणाला.

मी फुलपात्र भरून सुशीलाच्या हातात दिलं. तिनंच ते पुढं केलं. त्यानं मान मागं टाकली, फुलपात्र वर धरलं आणि धार सोडली. अर्धं तोंडात, अर्धं छातीवर. जोराचा ठसका लागला.

"सावकाश रे दादा," सुशीला म्हणाली.

त्यानं तोंड पुसलं आणि रिकामं फुलपात्र पुन्हा तिच्यापुढं धरलं.