विशाखा आणि न उघडणारा एडिटर

विशाखाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यात, आमच्या बियाण्यांच्या कंपनीच्या ऑफिसात, पाकिटांची डिझाइनं तपासत होते. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी डोकं दुखतंय म्हणून आडवी झालेली चाळिशीतली बाई दुपारपर्यंत उरली नव्हती... मेंदूत रक्तस्राव. मी मिळेल त्या एसटीनं अंबडला पोचले. घरासमोर जमलेल्या माणसांत राजूरच्या चार-पाच बायका होत्या. भावकीतलं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. मी ओळखत होते.

पॉलिटेक्निकला आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. पुढं ती पुण्याला नोकरीला गेली आणि वडील वारल्यावर आईसाठी अंबडला परतली. काम घरूनच करायची. रविवारी राजूरला जाऊन बुद्धविहाराच्या खोलीत बायकांना संगणक शिकवायची. संगणक जुने, कुठल्याशा कार्यालयानं काढून टाकलेले. त्यांवर लिनक्स ही फुकटातली यंत्रणा. प्रोग्राम लिहायचा एडिटरही फुकटातलाच, देशोदेशीचे लोक आपापल्या सवडीनं घडवतात असा. शिकणाऱ्यांत मंगल होती, एका शेतकरी घरातली सून. बारावी झालेली, डोक्यानं तल्लख. तिला वर्गाला येऊ देण्यासाठी सासूला पटवायला विशाखाला फार बोलावं लागलं होतं.

एका रविवारी मंगल सगळ्यांच्या आधी येऊन बसली. एडिटरची नवी आवृत्ती नुकतीच टाकलेली होती. तिनं चिन्हावर क्लिक केलं. खिडकी लुकलुकली आणि नाहीशी झाली. परत केलं, परत तेच. आपल्या हातून मोडलं असं वाटून ती कुणाला न सांगता घरी निघून गेली. पुढच्या खेपेला आलीच नाही. मागून आलेल्या बायकांनाही एडिटर उघडला नव्हता, आणि सुनेनं मशीन बिघडवलं, ही बातमी तोवर गल्लीभर झाली होती. विशाखा तिच्या घरी गेली, तेव्हा मीही सोबत होते.

"मावशी, मंगलनं काही बिघडवलं न्हाई. बनवणाऱ्यांचंच चुकलंय. मी दुरुस्त करून राह्यले."

"तुम्ही? ते तर परदेशातले लोक बनवतेत म्हणं."

"बनवू द्या. कुणालाबी दुरुस्त करता येतं ते."

सासूबाई म्हणाल्या, "मंग बराबर चालू झालं की सांगा. तवा धाडते."

दोष चमत्कारिक होता. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली की एडिटर नीट उघडायचा, चिन्हावर क्लिक केलं की मिटायचा. काळ्या खिडकीतून सुरू होताना त्याला लागणारी थोडी माहिती आयती मिळते. चिन्हावरून सुरू झाला की ती मिळत नाही, आणि ती न मिळाल्यामुळं तो मुकाट्यानं बंद पडायचा. हा त्रास फक्त लिनक्सवर होता, आणि घडवणारे बहुतेक जण दुसऱ्या यंत्रणा वापरत. विशाखानं दुरुस्ती लिहून पाठवली, ती स्वीकारलीही गेली. मग मॅक संगणक वापरणाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, की एकाच्या जागी दोन-दोन खिडक्या उघडताहेत. एडिटरचं काम सांभाळणाऱ्या मुख्य माणसानं तिची दुरुस्ती काढून टाकली.

"माझं काढून टाकलं, शुभे," ती फोनवर म्हणाली.

"चिडलीस?"

"चिडले तर. पण त्यांचं बिलकुल बराबर आहे. मॅकवर मी बघितलंच न्हाई. बघणार कुठं?"

आमच्या ऑफिसात डिझाइनसाठी एक मॅक होता. साहेबांना विचारून सुट्टीच्या दिवशी मी तिला बोलावलं. ती शेजारी बसून आपल्या लॅपटॉपवर बदल करत राहिली आणि मी मॅकसमोर सांगकामी. "बंद कर. परत उघड. आता फाइलवर क्लिक करून उघड." उघडझाप करून करून माझं बोट दुखायला लागलं. सगळ्या यंत्रणांना एकाच तऱ्हेनं सुरू करायचा हट्ट तिनं सोडला आणि प्रत्येकीचं सुरू होणं वेगवेगळं लिहिलं. दुपार टळताना एकच खिडकी उघडली. मी टाळी वाजवली, तर ती म्हणाली, "थांब, अजून एकदा."

या वेळची दुरुस्ती टिकली. मंगल परत आली. पहिल्या दिवशी सासूबाईही आल्या, दारातच उभ्या राहिल्या, एडिटर उघडलेला पाहिला आणि घरी गेल्या. आता विशाखाच्या माघारी रविवारचा वर्ग मंगल घेते.

पुण्यानुमोदनाच्या विधीला गर्दी होती, त्या दिवशी विशाखाच्या आईशी, काकूंशी, नीट बोलता आलं नाही. म्हणून मागल्या आठवड्यात परत गेले. विशाखाच्या खोलीत टेबलाखाली संगणकाचा पंखा घुमत होता. काकू म्हणाल्या, "तवापासून चालूच हाय. बंद करायला कुणाचा हात न्हाई धजला. तूच कर बाई."

मी बंद केला. खोली एकदम शांत झाली. काकू पलंगाच्या कडेवर बसून काळ्या पडद्याकडं बघत राहिल्या.

"परत चालू व्हतं ना ते?" त्यांनी विचारलं.

मी बटण दाबलं. पंखा घुमला, पडदा उजळला. एडिटरच्या चिन्हावर क्लिक केलं आणि तो उघडला... आत तिचं अर्धवट काम होतं.

"राहू दे मंग चालू," काकू म्हणाल्या, आणि उठून चहा ठेवायला गेल्या.