कागदावर भोक नाही

तीनशे मीटरवरून मारलेली गोळी कागदावर कुठेच लागली नाही, असं मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी मलाच वेड्यात काढलं. "नीट बघ," म्हणाले, "चष्मा लाव." चष्मा माझ्या नाकावरच होता आणि मी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा बघितला होता. तेवढ्यावरून मला जो राग आला, तो पुढे महिनाभर पुरला.

हे फौजेत होते, तिथल्या रायफलच्या संघात नेमबाजी केलेली. पेन्शनीत आल्यावर साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागले आणि तिथूनही रिटायर झाले. आम्ही राहतो लासुर्ण्यात. इंदापूरच्या बाजूला मुरमाची एक जुनी खाण आहे, तिथे क्लबनं रेंज केलीय. रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही दोघं गाडीवर निघायचो. लोक नवरा-बायको जोडीनं लग्नाला जातात, आम्ही खाणीत जायचो.

माझं काम बटात. बट म्हणजे निशाणाच्या खालचा सिमेंटचा खोल खड्डा. वरून गोळी जाते, खाली माणूस सुरक्षित असतो. गोळी लागली की चौकट खाली ओढायची, भोक शोधायचं, ते कुठं आहे ते फोनवर सांगायचं, मग गव्हाच्या पिठाच्या खळीनं त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि चौकट परत वर सरकवायची. बत्तीस वर्षं मी शाळेत पेपर तपासले, त्यामुळे हे काही मला जड नव्हतं. ह्यांचा नियम मात्र एकच आणि कडक. बटातल्यानं भोक सांगायचं, मत सांगायचं नाही. एकदा मी म्हणाले होते, "आज वारं उजवीकडून हाय वाटतं," तर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पहिली गोळी गायब झाली त्या दिवशी अजून दोन झाल्या. पुढच्या रविवारी चार. त्यांनी आधी रायफलीवरच्या दुर्बिणीवर संशय घेतला, मग दस्त्याच्या स्क्रूवर, मग आपण शेजारच्या निशाणावर तर मारत नाही ना, यावर. शेजारच्या कागदावरही भोक नव्हतं. क्लबचे सेक्रेटरी चांगला माणूस, बारामतीला दातांचा दवाखाना आहे त्यांचा, पण चांगली माणसंच असं बोलून जातात. म्हणाले, "आबा, दोन महिने आराम करा. वय कुणाला चुकलंय?"

हे नुसते गाडी काढायला गेले. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि उजवा हात पुढं धरला. "हलतोय का गं?"

माझ्या सासऱ्यांचे हात शेवटची सात-आठ वर्षं थरथरायचे. बशीतला चहा ओठापर्यंत पोचेपर्यंत अर्धा सदऱ्यावर. ह्यांनी ते सगळं हातानं केलंय, भरवलंय, पुसलंय. रायफल घेतली तेव्हाच मला म्हणाले होते, ज्या दिवशी हात जाईल त्या दिवशी खाली ठेवीन, कुणी सांगायची वाट बघणार न्हाय. त्यामुळे कागदावर भोक नसणं म्हणजे काय, हे त्यांच्या दृष्टीनं ठरलेलं होतं. मी म्हणाले, "न्हाय हलत." आणि तेव्हा खरंच हलत नव्हता.

आता माझी चूक सांगते. त्या कागदांवर भोक नव्हतं, पण काही तरी होतं. बारीक करडे ठिपके, मोहरीएवढे, एकीकडे विखुरलेले. एखाददुसरा ठिपका कागद फाडून गेलेला. मी ते बघत होते. मला वाटलं खडी उडाली असेल, आणि वाटलं नाही तरी मी सांगणार नव्हते. मत सांगायचं नाही ना? मग नाही सांगत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी खळ लावत राहिले आणि तिकडे माझा नवरा रोज सकाळी पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला तळहातावर घेऊन खिडकीत उभा राहत होता. हे मला दिसत होतं. तरी महिनाभर मी गप्प बसले, निव्वळ हट्टानं. त्याची लाज मला आजही वाटते.

शेवटी एका रविवारी त्यांनी रायफल पुसून पेटीत घातली ती जरा जास्तच जपून घातली, आणि मला कळलं, आता हे ती खाली ठेवणार. मी बटातला कागद गुंडाळून घरी आणला आणि त्यांच्यापुढं टेबलावर पसरला. "भोक न्हाय," मी म्हणाले, "पण ह्ये काय हाय ते तुमीच सांगा."

त्यांनी ठिपक्यांवरून नख फिरवलं, बोट हुंगलं. मग माझ्याकडे बघितलं. "कवापासून?"

"पयल्यापासून."

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "शिसं हाय ह्ये. गोळी वाटंतच फुटतीय."

पुढच्या रविवारी काटेवाडीच्या भाजीवाल्याकडून पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणली. रेंजवर कुणी नव्हतं. पन्नास मीटरवर एक पुठ्ठा, शंभरवर एक, दोनशेवर एक, असे काठ्यांना बांधून एका रेषेत उभे केले. त्यांनी दहा गोळ्या मारायच्या आणि प्रत्येक गोळीनंतर दोघांनी चालत जाऊन भोकावर आकडा घालायचा, असं ठरलं. पहिल्या चार गोळ्या तिन्ही पुठ्ठ्यांतून गोल गेल्या. पण चालत जाण्यात नळी गार होतेय हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून पुढच्या सहा न थांबता मारल्या आणि मला मागं बसवून हातातल्या दुर्बिणीतून बघायला लावलं. आठवी गोळी सुटली तेव्हा हवेत एक करडी रेघ दिसली आणि विरली. विडीचा धूर जातो तशी. पन्नासच्या पुठ्ठ्यावर दहाही भोकं होती. दोनशेवर सातच, आणि बाकी ठिपके.

"नळी तापली की फुटतीय," ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी नळीतून औषध लावलेली चिंधी ओढली. ती हिरवी-निळी होऊन बाहेर आली. दुसरी ओढली, तीही तशीच. वीस चिंध्या झाल्या तरी तांब्याचा तो रंग जाईना. गोळीवर तांब्याचं पातळ कवच असतं, आत शिसं. नळी आतून खरखरीत असली की ते कवच सोलवटतं, आणि गोळी तर भिंगरीसारखी फिरत असते, मग ती फिरण्याच्या जोरानंच उसवते. हे सगळं ते मला समजावून सांगत होते आणि सांगता सांगता मध्येच थांबले.

"पेस्ट," म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी नळीला आत जरा गंज दिसला होता. वर्कशॉपात ट्रॅक्टरच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह ज्या खरखरीत पेस्टनं घासून बसवतात, ती त्यांनी चिंधीला लावून नळीत घातली होती आणि दुपारभर घासली होती. गंज गेला होता. पण गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळाच्या खाचा खरखरीत होऊन बसल्या होत्या, ते कळायला दोन वर्षं लागली. फिटरचा हात, दुसरं काय. जे दिसेल ते घासायचं.

मी त्यांना इतकं खूश फार कमी वेळा बघितलंय. स्वतःच्या हातानं रायफलीची वाट लावलेला माणूस लग्नघरातल्यासारखा घरभर फिरत होता. "चूक माजीच," म्हणत होते, "पर डोक्याची. हाताची न्हाय." सेक्रेटरींना फोन करून सगळं सांगितलं, आणि फोन ठेवून परत केला, कारण पुठ्ठ्याचं सांगायचं राहिलं होतं.

पुण्याला लायसन्सवाल्या कारागिराकडून नवी नळी बसवून घेतली. परवानग्या, कागद, खेपा यात पावसाळा गेला. मग चार महिने बटात मला काम नुसतं सोपं होतं. चौकट खाली ओढली की काळ्या वर्तुळात भोक, स्वच्छ, गोल. मी सांगायचे, ते "बरं" म्हणायचे, आणि त्या "बरं"मधला आनंद मला तीनशे मीटरवरून कळायचा.

मग भोकं पांगायला लागली. आधी दोन बोटं, मग तीन. मी जसं होतं तसं सांगत होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी चौकट खाली ओढली तर काळ्यात काहीच नव्हतं. मी शोधलं. खाली उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या कागदावर, कागद संपायला चार बोटं असताना एक भोक होतं. अगदी गोल. एकही ठिपका नव्हता.

फोन कानाला होता. ते वाट बघत होते.

मी म्हणाले, "भोक न्हाय. फुटली वाटतं."

तिकडून "बरं" म्हणाले. मी पांढरा तुकडा चिकटवला. खळ ओली होती, तो दोनदा सरकला. त्या दिवशी त्यांनी पुढची गोळी मारली नाही.

गाडीवरून लासुर्ण्याला आलो. दारात गाडी लावून तिथंच उभे राहिले. "रेघ दिसली न्हाय मला," म्हणाले. "मी बघत हुतो. कुठं हुतं?"

"खाली. उजवीकडं, कोपऱ्यात."

"गोल?"

"गोल."

त्यांनी मान हलवली. रागावले नव्हते, ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तू बटात बसतीस म्हणून मी मारत हुतो. तितनंच खोटं यायला लागलं तर मी कुणाला इचारू?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. रायफल त्याच महिन्यात रीतसर कागद करून क्लबला देऊन टाकली. बारामतीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव आम्हाला सासऱ्यांपासून माहीत होतं.

आता रविवारी आम्ही घरीच असतो. रोज सकाळी ते दारात येऊन हात पुढं धरतात आणि विचारतात. त्यांना स्वतःला दिसत नाही असं नाही, पण माझ्याकडून ऐकल्याशिवाय ते खरं धरत नाहीत. आज पेपर वाचत बसले होते. पानांची फडफड मला आतपर्यंत ऐकू येत होती. मी चहा घेऊन गेले तर पेपर खाली ठेवून त्यांनी हात पुढं केला.

"कालच्यापरीस?"

मी चहा ठेवला आणि नीट बघितलं.

"कालच्यापरीस जास्त हाय," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले.