वन्संचा वाटा

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण मित्सुयो, एकोणचाळीस वर्षांनी ब्राझीलहून माहेरी आल्या आणि पहिल्याच संध्याकाळी आंघोळ करून टबाचं बूच काढून मोकळ्या झाल्या. घरात माणसं तीन. बाहेर अंग स्वच्छ धुऊन घ्यायचं आणि मग एकामागून एक त्याच तापवलेल्या पाण्यात बसायचं, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. मी टॉवेल घेऊन गेले तर टब कोरडा.

"अगं बाई, विसरलेच की!" म्हणाल्या आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

आम्ही वाकायामाकडचे, संत्र्यांच्या बागा असलेले. नोव्हेंबर म्हणजे तोडणीचे दिवस, कात्री हातातून खाली ठेवायला फुरसत नाही, आणि त्यात ह्या. पाहुण्या म्हणावं तर माहेरचा हक्क, आणि घरच्या म्हणावं तर घरातलं काही ठाऊक नाही. चटयांच्या खोलीत सपाता घालून शिरल्या. हिरव्या चहात तीन चमचे साखर घातली. शेजारचा म्हातारा भेटायला आला तर त्याच्या गळ्यात पडल्या. तो बिचारा हात कुठे ठेवावेत ते न कळून अवघडून उभा.

पण सगळ्यात जास्त डोकं उठायचं ते त्यांच्या बोलण्यानं. बोलायच्या इथलंच, पण चाळीस वर्षांपूर्वीचं, अस्सल गावठी. आता तसं कोणी बोलत नाही. बोलायच्या फक्त माझ्या सासूबाई. मी स्वयंपाकघरात असावं आणि मागून हाक यावी, "किनुए, पाणी तापलं का गं?" तोच हेल, तोच आवाज. अंथरुणाला खिळलेल्या बाईचा तो आवाज मी अकरा वर्षं ऐकला. ऑक्टोबरात तो बंद झाला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी मोकळा श्वास घेतला होता. आणि हा पुन्हा सुरू!

वन्संच्या आयुष्यात काय काय झालं ते सगळं मला कळलं, कारण तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती. विसाव्या वर्षी नुसता फोटो बघून लग्न ठरलं. कोबेहून बोटीत बसल्या, दीड महिन्यानं उतरल्या. धक्क्यावर न्यायला आलेला माणूस फोटोतल्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा. "परतीची बोट लगेच नव्हती, म्हणून संसार केला," असं सांगून खो खो हसायच्या. कॉफीच्या मळ्यात मजुरी केली, मग खंडानं घेतलेल्या तुकड्यात भाजी लावली, मग कोंबड्या पाळून आठवड्याच्या बाजारात अंडी विकली. मुलं तीन, तिघांनाही आपली भाषा येत नाही. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, त्याला तिकडच्या रीतीनं पेटीत घालून पुरलं.

दर नवीन वर्षाला त्यांचं पत्र यायचं, "आई, पुढच्या वर्षी नक्की येते." सासूबाई ते उशीखाली ठेवायच्या. घास मी भरवायचा, कूस मी बदलायची, आणि कौतुक कोणाचं, तर मित्सुयोचं. दुरून डोंगर साजरे!

रविवारी सासूबाईंचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी होता. त्या दिवशी अस्थींचं भांडं घरातून हलून थडग्यात जायचं. सोमवारी सकाळच्या बसनं वन्सं परत निघणार. शुक्रवारी मी बागेत होते, तिथे त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"किनुए, आईतलं थोडं मला दे. एकच हाड. तिकडे नेते."

"नाही," मी म्हटलं.

"का नाही?"

"अस्थींची वाटणी केली की गेलेल्या माणसाला शांती मिळत नाही."

"हो का? मग बाबांच्या मानेतलं हाड कोयाच्या डोंगरावर कसं पाठवलंत? तेत्सुओनं पत्रात लिहिलं होतं."

तोंडावरच पडले मी. तेत्सुओ म्हणजे आमचे हे; नको ते सगळं पत्रात लिहितात. आणि मानेतलं ते हाड, ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखं दिसणारं, आमच्या भागात जो तो कोयाच्या देवळात पाठवतो. पण हार मानेन तर मी कसली!

"कोया म्हणजे देवस्थान आहे," मी म्हटलं. "तुमच्या कोंबड्यांचं खुराडं नव्हे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. वन्सं या वेळी हसल्या नाहीत.

"मला पुन्हा येणं व्हायचं नाही, किनुए. तिकडे मेले की माझ्या शेजारी आपलं असं कोण आहे? नवरा आहे म्हणा. पण तोही फोटोतला नव्हे."

"अकरा वर्षांत एक दिवस तरी पाय चेपलेत का त्यांचे? आता आयतं न्यायला आलात."

त्या बागेचा उतार उतरून गेल्या. मी रागारागानं दोन पाट्या संत्री तोडली, त्यातली अर्धी कच्ची.

शनिवारी संध्याकाळी जेवायला भाजलेला मासा होता. यांनी आपल्या जेवायच्या काड्यांनी माशाचा चांगला तुकडा उचलला आणि बहिणीच्या ताटलीत ठेवायला हात पुढे केला. वन्संनी आपल्या काड्या पुढे करून तो वरच्या वर धरला. दोघांच्या काड्यांमध्ये एक तुकडा.

आमच्यात असं करत नाहीत. कधीच नाही. काडीतून काडीत फक्त एकच गोष्ट घेतात: दहन झाल्यावर राखेतली हाडं, घरच्या दोघांनी मिळून.

"अहो!" मी ओरडलेच. "एक मढं झालं ते पुरे नाही का? आता आणखी कोणाला पोचवायचंय?"

वन्संनी काड्या खाली ठेवल्या. "हाताला ठाऊकच नाही गं. बाबांची हाडं मी उचलली नाहीत, आईची नाहीत. नवऱ्याला तर जाळलंच नाही. लहानपणी नुसतं ओरडा खाऊन शिकलेलं, ते किती दिवस टिकणार?"

"मग वेळेवर यायचं होतं."

यांनी तीस वर्षांत कधी जेवताना तोंड उघडलं नाही, ते नेमकं तेव्हाच उघडलं. "खरंच ताई. किनुएनं फोन केला तेव्हाच निघाली असतीस तर आई भेटली असती. नऊ दिवस तुझंच नाव घेत होती."

मी खाली बघून भात चिवडायला लागले. कारण मी फोन केलाच नव्हता. नंबराचा कागद नऊ दिवस माझ्या एप्रनच्या खिशात होता. यांना सांगितलं, केला, जमत नाही म्हणाल्या. खरा फोन केला तो सगळं उरकल्यावर. का? सासूबाई मला "पाणी दे" म्हणायच्या आणि जिचं तोंड चाळीस वर्षांत बघितलं नाही तिला "ये गं बाळा" म्हणायच्या, म्हणून. शेवटच्या घटकेला तरी त्यांना माझ्याशिवाय कोणी नसावं असं मला वाटलं. पटो न पटो, वाटलं खरं.

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं. मग शांतपणे भावाला म्हणाल्या, "हो रे. म्हणाले होते खरी, जमत नाही."

जेवणानंतर मी ताटल्या धूत होते, त्या पुसत होत्या.

"तुझं झाकलंय मी," खालच्या आवाजात म्हणाल्या. "आता आईतलं माझं मला दे. नाहीतर उद्या देवळातल्या गुरुजींसमोर बोलेन."

"धमकी देता?"

"देते."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पापाचा फास माझ्याच गळ्याला! आणि वर उपकार केल्याचा आव. मी त्यांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि उरलेल्या ताटल्या स्वतःच पुसल्या.

रविवारी सकाळी गुरुजी यायला तासभर होता. हे आरशासमोर काळा टाय बांधत होते, वन्सं सासूबाईंच्या फोटोसमोर बसलेल्या. मी मधोमध जाऊन उभी राहिले.

"अहो, ऐका. मी वन्संना वेळेवर फोन केलाच नव्हता. सासूबाईंचं दहन उरकल्यावर केला. तुमच्याशी खोटं बोलले."

यांचा हात टायच्या गाठीवरच राहिला. "किनुए..." एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

मी वन्संकडे वळले. "झालं. आता तुमच्याकडे सांगायला काही उरलं नाही. आता मागा काय मागायचं ते."

त्या फोटोकडून माझ्याकडे वळल्या. मग सासूबाईंच्याच आवाजात, त्याच हेलात म्हणाल्या, "किनुए, देतेस का गं?"

अकरा वर्षं त्या आवाजानं मला सांगितलं होतं, फर्मावलं होतं. विचारलं कधीच नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला रागच आला.

भांड्याभोवतीचं पांढरं कापड मी सोडलं. आमच्या भागात भांडं लहानच असतं, अगदी वरच मानेतल्या हाडाचा तो छोटा बुद्ध होता. खणातून काड्या काढल्या, रीतीप्रमाणे विजोड: एक बांबूची, एक लाकडाची. तसाच दुसरा जोड वन्संच्या हातात दिला.

"त्या बाजूनं धरा. घट्ट नको, चुरा होईल. मी म्हणेन तेव्हा उचला."

त्यांनी काड्या पुढे केल्या. "असं?"

"असं. कोपर खाली घ्या. हं, आता."

दोघींनी मिळून सासूबाईंना उचललं आणि चहाच्या डबीत ठेवलं. वन्सं डबीवर कपाळ टेकून मोठ्यानं रडल्या, आमच्याकडे कोणी रडत नाही तशा. गुरुजी आले, डबी बघितली, आणि विमानतळावर दाखवायचा कागद काही न विचारता लिहून दिला.

थडग्याकडून परतताना वन्सं माझ्याजवळून चालत होत्या. "तुला माफ केलेलं नाही मी."

"मागितली कुठे मी माफी?"

सोमवारी बसथांब्यावर आम्ही तिघं. हे कालपासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. बहिणीसाठी संत्र्यांची पिशवी घेऊन उभे. "विमानातून फळं नेऊ देत नाहीत, वाटेत खा," म्हणाले. वन्संनी चार काढून घेतली, पिशवी यांच्याच हातात राहिली. बस आली. वन्सं डबी मांडीवर घेऊन बसल्या आणि खिडकीची काच सरकवली.

"किनुए!"

"काय?"

"तेत्सुओला काही झालं तर फोन कर. त्याच दिवशी."

हे आमच्या दोघींच्या मध्ये पिशवी घेऊन उभेच होते.

"करते," मी म्हटलं. बस गेली.

घरी येऊन मी एप्रनच्या खिशातला वन्संच्या नंबराचा चुरगळलेला कागद सरळ केला आणि फोनच्या वर भिंतीला चिकटवला. हे दारात उभे राहून बघत होते. कालपासून पहिल्यांदा बोलले.

"जरा खाली लाव," म्हणाले. "मलाही वाचता आला पाहिजे."