पाठ करून घेतलेलं बोलणं

माझी आई बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातली, शाळेत मराठी शिकवणारी. वडील इथल्या गिरणीत यंत्रं बसवायला आलेले इंग्रज. त्यांचा रंग आणि घारे डोळे मला मिळाले, बाकी सगळं आईचं. पण बाकीचं कॅमेऱ्याला दिसत नाही. पंचवीस वर्षं मालिकांमधून मी मडमाच केल्या. वरणभातावर वाढलेली मी, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा सराव करायचे! एकदा दिग्दर्शकाला म्हटलं, मला गावातल्या मास्तरणीचं काम द्या. तो इतका हसला की हातातला चहा सांडला. त्या चेहऱ्यात मी अडकले ते अडकलेच.

आईच्या आजारपणात बऱ्हाणपूरला परतले आणि ती गेल्यावर इथेच राहिले. समुपदेशनाचं शिक्षण घेतलं, इथल्याच लालबाग भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये समुपदेशक म्हणून लागले. वाटलं, आता तरी चेहरा बाजूला ठेवून माणसांत बसता येईल. कसलं काय! भाजीवालीशी मी मराठीत भांडले तरी ती मला हिंदीतच उत्तर देते.

माझी खोली जिन्याखाली, बिनखिडकीची. वर वर्ग भरतात. माझ्याकडे जवळच्या जैनाबाद गावची एक मुलगी यायला लागली. घरची केळीची बाग. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नंबर लागला नव्हता आणि वडिलांनी तिसऱ्या वर्षाची फी भरून टाकली होती. कितीतरी दिवस ती नुसती ओढणीचं टोक पिळत बसायची. मग एकदा म्हणाली, "मॅडम, पुस्तक उघडलं की श्वासच नाही येत मला. आता नाही बसायचं परीक्षेला. पण पप्पांसमोर तोंडच नाही उघडत."

इथे मी माती खाल्ली. तिच्या वडिलांना बोलवायचं आणि आपण गप्प बसायचं, एवढंच माझं काम होतं. पण माझ्यातली नटी जागी झाली. मी तिला वाक्यं लिहून दिली. 'पप्पा, तुमचं प्रेम मला कळतं, पण हे स्वप्न तुमचं आहे, माझं नाही.' कुठे थांबायचं, कधी नजर वर करायची, सगळं बसवून घेतलं. तालमीत वडील मी व्हायचे. पोरगी हुशार, दोन दिवसांत तोंडपाठ. मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

शनिवारी वडील आले. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, मांडीवर हेल्मेट. ती उभी राहिली आणि एकही शब्द न चुकता बोलली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हे बोलणं तुमचं आहे. आमची पोरगी असं नाही बोलत. सिरियलसारखं शिकवलं तुम्ही तिला."

माझे कान तापले. पण त्यांचं बरोबर होतं.

"तू सांग ना बेटा," ते तिला म्हणाले, "तुला काय होते?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माणूस खरंच विचारत होता. तिने नुसतं श्वासाचं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण तिने माझ्याकडे पाहिलं, पुढच्या वाक्यासाठी. मी ते लिहिलंच नव्हतं. श्वासाचं मी सुचवलं असतं तर तेही माझंच ठरलं असतं, म्हणून मी ओठ घट्ट मिटून बसले. त्या कोंदट खोलीत मलाच श्वास घेता येईना.

शेवटी ते उठले. "चल, क्लासची वेळ झाली. मन लावून अभ्यास कर," म्हणाले आणि गेले.

ती दप्तर उचलायला मागे राहिली. डोळे भरलेले.

"मॅडम, मी कुठे चुकले? पाठ तर सगळं होतं."

दोनदा हरलेल्या पोरीला मीच आणखी एका परीक्षेला बसवलं होतं. चूक माझी होती, हे मी म्हणेपर्यंत ती जिना चढून वर्गात जाऊन बसली होती.